मान घरी ठेवून या

ऑडी टीटीचा नमुना 1995 साली फ्रँकफर्टच्या मोटार प्रदर्शनात झळकला आणि भलेभले घायाळ झाले. 1998 मध्ये गाडी रस्त्यावर आली. वरचा साज उंची, खालचा सांगाडा मात्र फोक्सवॅगन गोल्फचा. पोशाख बघूनच स्थळ पसंत! छत मागे इतकं सुबक उतरतं, की मागच्या सीटवर बसणाऱ्याने मान घरीच ठेवून यावं. पेट्रोलच्या झाकणाला ॲल्युमिनियम, त्यावर मिरवणारे स्क्रू. एवढे लाड मागच्या प्रवाशाचे कुणी केले नाहीत. पुढे जर्मनीच्या ऑटोबान महामार्गावर भरधाव वेगात हे गोंडस बूड हलकं पडू लागलं, जीवघेणे अपघात झाले. कंपनीने गाड्या परत बोलावून मागे छोटा स्पॉयलर आणि गाडीचा तोल सावरणारी ईएसपी यंत्रणा बसवली. तर रसिक हळहळले, शेपटीने रूप बिघडलं म्हणे!