उंब्रजात हेल्थ टॉक कसा द्यावा

उंब्रजात हेल्थ टॉक द्यायचा म्हणजे आधी चार्ट पाहिजे. विषय नंतर ठरला तरी चालतं. पांढरा कार्डशीट, तीन रंगांचे स्केचपेन, कडेने वेलबुट्टी आणि मधोमध एक गरोदर बाई, जिचे दोन्ही हात एकाच बाजूला आलेले असतात. चार्ट रात्री दोनपर्यंत काढावा. म्हणजे सकाळी तुमचा उतरलेला चेहरा बघून समोरची आजी म्हणते, "पोरी, तुझंच रगत कमी दिसतंय." विषय रक्तक्षयाचा असेल तर प्रस्तावना आयती मिळाली.

मग लेसन प्लॅन. वेळ, उद्दिष्ट, आशय, शिकवणारीची कृती, ऐकणाऱ्यांची कृती, साधनं, मूल्यमापन असे उभे रकाने आखायचे. ऐकणाऱ्यांच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत 'लक्षपूर्वक ऐकतात' असं लिहायचं, आदल्या रात्रीच. प्रत्यक्षात बाया शेंगा फोडत असतात. पण शेंगा फोडता फोडता त्या जितकं ऐकतात, तितकं तुम्ही वर्गात पहिल्या बाकावर बसूनही ऐकलेलं नाही. तरी 'शेंगा फोडतात' असं लिहू नये. मॅडम जर्नलवर सही करणार नाहीत.

वेळ अकराची धरावी. का, तर कॉलेजची बस अकराला पोचते. त्या वेळी उंब्रजच्या बाया भांगलणीला गेलेल्या असतात आणि परततात तेव्हा चारची बस तुम्हाला घेऊन निघालेली असते. त्यामुळे कुटुंब नियोजनाच्या टॉकला सत्तरीच्या दोन आज्या, अंगणवाडीतली पोरं आणि बँकेतून परतताना सावली बघून टेकलेले एक नाना, एवढा श्रोतृवर्ग जमतो. न डगमगता बोलावं. माझ्या वेळच्या आजीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "लई बेस सांगितलंस गं. पर पन्नास वर्षं उशिरा आलीस."

जागा निवडताना मारुतीचं देऊळ टाळावं. उंब्रजचा मारुती समर्थांच्या अकरा मारुतींपैकी. सतराव्या शतकापासून तो एकही चार्ट न लावता शरीर कमवायचा टॉक देतो आहे. तुलना होते.

होम व्हिजिटला बॅग टेक्निक विसरू नये. घरात शिरल्यावर वर्तमानपत्र पसरायचं, त्यावर बॅग ठेवायची, हात धुवायचे, मगच सामान काढायचं. पुस्तकात एवढंच आहे. पुस्तकात नसतं ते असं, की पसरलेला पेपर आजचा असेल तर घरातले आजोबा बॅग सरकवून तो वाचायला लागतात. पेपर जुना न्यावा. चहा नाकारू नये, लोहाच्या लाल गोळीची माहिती तेवढी चहा संपल्यावर द्यावी, कारण ती गोळी चहासोबत घेऊ नका हे तुम्हालाच सांगायचं आहे. आणि त्या गोळीनं शी काळी होते, त्यात भिण्यासारखं काही नाही, हे एक वाक्य चार्टवर नसलं तरी सांगावं. कित्येक बाया 180 दिवसांचा कोर्स दहाव्या दिवशी सोडतात, तो एवढ्यावरूनच. फळ्यावर हिमोग्लोबिनची रासायनिक रचना काढून काही होत नाही. मी काढली होती.

आता ओआरएस. या विषयावर तुम्हाला सगळं येतं, म्हणून इथेच फजिती होते. एक पुडी, एक लिटर पाणी, ढवळा, थोडं थोडं पाजा, चोवीस तासांत संपवा, उरलं तर ओता. जुलाब थांबले तरी झिंक चौदा दिवस. पोपटासारखं म्हणून झालं की कुणीतरी हळूच विचारतं, "लिटर म्हंजी किती तांबे?" इथे मॅडमकडे बघू नये. त्यांनाही माहीत नसतं. तांब्या घरागणिक वेगळा. पाणी कमी पडलं तर मीठ जास्त होऊन पोराला अपाय, जास्त पडलं तर गुण नाही. मी त्या दिवशी थापच मारली, "चार."

दुसऱ्या दिवशी एकटीच परत गेले. तो प्रश्न विचारणाऱ्या काकींकडे अर्ध्या लिटरची रिकामी बाटली होती. ती दोन वेळा भरून त्यांच्याच पातेल्यात ओतली, पाणी कुठवर येतं ते बघितलं, आणि काकींनी खिळ्यानं आतून बारीक रेघ मारली. मग मी गप्प बसले आणि त्यांनी मला करून दाखवलं. पुस्तकात याला रिटर्न डेमॉन्स्ट्रेशन म्हणतात. काकींच्या मते ते फक्त 'बघ, जमलं का' होतं.

पद्धतींची नावं पाठ करायचीच तर करा: व्याख्यान, चर्चा, रोल प्ले, प्रात्यक्षिक. पण त्या सगळ्या एकट्या माणसानं आपल्या मुलखात वापरून झाल्या आहेत, आणि त्याच्या हातात चार्टऐवजी खराटा होता. गाडगेबाबा गावात शिरले की आधी रस्ते झाडायचे, कीर्तन रात्री. कीर्तनात उपदेश थोडा, प्रश्न फार. बाबा विचारत, लोक उत्तर देत, आणि उत्तर देता देता आपणच कुठे अडकलो ते त्यांना कळे. लेसन प्लॅन नव्हता. तरी 1954 साली कराडात त्यांच्या नावानं कॉलेज उभं राहिलं, आणि 2000 साली सांगली जिल्ह्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना त्यांच्याच नावानं ग्राम स्वच्छता अभियान सुरू झालं. तुम्ही उंब्रजात खराटा घेतलात तर मात्र युनिफॉर्म मळला म्हणून बोलणी बसतील.

जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली काम सुरू केलं आणि गावातल्याच बायांना, अक्षरओळख नसलेल्यांनाही, आरोग्यसेविका केलं. म्हणजे टॉक देणारी आणि ऐकणारी एकाच पाणवठ्यावरची. हे परीक्षेत पाच मार्कांना येतं. उत्तर लिहिताना खिडकीबाहेर बघू नये. आपली आशाताई सायकलवरून जाताना दिसते आणि पेपरातलं सगळं तिला विचारून लिहावंसं वाटतं.

शेवटचा रकाना मूल्यमापनाचा. तपासायला मॅडम स्वतः येतात. माझ्या वेळी त्यांनी त्याच काकींना उभं केलं आणि विचारलं, "सांगा, ओआरएसची पुडी किती पाण्यात कालवायची?"

"त्या रेघंपतूर," काकी म्हणाल्या.

मॅडमनी रकान्यात लिहिलं: उत्तर चुकीचं, पुन्हा शिकवावे.