पळालेल्या पोराकडून नोटीस पे कसा वसूल करावा
(नागावच्या होतकरू रिसॉर्टमालकांसाठी)

नागावात नारळी-पोफळीची वाडी असली, वाडीत चार खोल्या असल्या आणि खोल्यांत एसी असला, की माणूस रिसॉर्टवाला होतो. कामावरचा पोरगा पळाला, की तोच कॉर्पोरेट होतो. हे दुसरे स्थित्यंतर नीट पार पडावे म्हणून हे मार्गदर्शन.

प्रसंग ठरलेला. सोमवारी लागलेला पोरगा दुसऱ्या शनिवारी, पाहुण्यांची बस दारात उभी असताना, गायब. त्याला 'फक्त काउंटर बघायचा' असे सांगितलेले होते. पुढे पोहे वाढणे, टाकीतली सुरूची पाने काढणे, बनाना बोटवाल्याशी कमिशनवरून भांडणे आणि रात्री दोनला पाहुण्यांचा स्पीकर बंद करवणे हेही काउंटरवरूनच दिसत असल्याने त्याच्याकडे आले. दुपारी मेसेज येतो, 'शेठ, जमणार नाही. बारा दिवसांचे पैसे द्या.' डगमगू नये. उलट कळवावे, 'महिन्याची नोटीस दिली नाहीस. पैसे तूच भर.'

आता करार शोधावा. सापडणार नाही, कारण ठेवताना आपण 'ये उद्यापासून, घरचंच समज' एवढेच म्हणालो होतो आणि घरची माणसे नोटीस देत नसतात. मागची तारीख टाकून करार बनवण्याचा मोह आवरावा. त्याची कलमे वेगळी आणि जास्त कडक आहेत. करार असता, तरी १८७२च्या करार कायद्याचे ७४वे कलम आडवे आलेच असते. कागदावर लाख लिहा, मिळते ती वाजवी भरपाई. लिहिलेला आकडा ही फक्त तिची कमाल मर्यादा.

इथे कोणीतरी जाणकार विजया बँकेचा दाखला देईल. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख भरण्याची अट वैध ठरवली, हे खरेच आहे. निकाल खिशात ठेवावा, पण वाचू नये. वाचला तर कळते, की बँक सरकारी, माणूस सीनियर मॅनेजर, अटीवर त्याची सही आणि नव्या भरतीसाठी जाहिरातीपासून सगळा खर्च पुन्हा. आपली भरतीप्रक्रिया म्हणजे आक्षीच्या मेहुण्याला केलेला एक फोन.

पूर्वी बरे होते. १८५९च्या कायद्याने, उचल घेऊन काम सोडणाऱ्या मजुराला मॅजिस्ट्रेट कामावर परत धाडी, नाही ऐकले तर तुरुंगात. तो कायदा १९२५मध्ये रद्द झाला आणि तेव्हापासून मालकवर्गाला नुसत्या धमकीवर भागवावे लागते. ड्रॉवरमध्ये पोराचे आधार कार्ड अडकवून ठेवले असेल, तर तेही परत करावे. ते तारण नाही.

मधल्या काळात २१ नोव्हेंबर २०२५पासून वेतन संहिता लागू झाली आहे. तिच्यानुसार राजीनामा देणाऱ्याचाही पगार दोन कामकाजाच्या दिवसांत चुकता करायचा असतो. 'सीझन संपला की बघू' हे त्यात बसत नाही.

एक दिलासा आहे. कामगाराकडून वसूल केलेल्या नोटीस पे वर जीएसटी लागत नाही. ऑगस्ट २०२२च्या परिपत्रकाने ते स्पष्ट झालेले आहे. तेव्हा हाती काही येणार नसले, तरी त्यावर कर नाही.

नवा पोरगा ठेवाल तेव्हा त्याच्या हाती पत्र द्या. काम कोणते, पगार किती, सुट्टी कधी आणि नोटीस दोन्ही बाजूंनी किती दिवसांची, एवढे त्यात असले तरी पुरे. आणि आधीच्याचे बारा दिवसांचे पैसे आजच जीपे करा.