मेल गेला, पण कुठे?

वेबसाइटवरचा संपर्क-फॉर्म हिरव्या अक्षरांत सांगतो, ‘आपला संदेश पाठवला आहे’, आणि मालक निर्धास्त होतो. फॉर्म खोटं बोलत नाही. तो जावक कारकुनाइतकंच खरं बोलतो. पीएचपीचं मेल फंक्शन ‘होय’ म्हणतं, ते त्याच सर्व्हरवरच्या पोस्टफिक्स या मेल धाडणाऱ्या प्रोग्रामने मजकूर ताब्यात घेतला एवढ्यावरच. पुढे पोस्टफिक्स २५ क्रमांकाच्या पोर्टवर धडका देत बसतो, आणि ॲमेझॉनसारख्या क्लाउड कंपन्यांनी ते आधीच बंद ठेवलेलं असतं. मेल-लॉगमध्ये ‘डिफर्ड’, ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ असं स्वच्छ लिहिलेलं असतं. पण लॉग वाचणं कमीपणाचं! त्यापेक्षा प्लगइन बदलावं, सर्व्हर रीस्टार्ट करावा आणि शेवटी समोरच्याला ‘स्पॅम बघितलंत का?’ असं विचारावं, ही आपली शास्त्रशुद्ध पद्धत.

बरं, मेल बाहेर पडला तरी समोरचा सर्व्हर ओळख विचारतो. कुणी म्हणेल, दिवसाला दोन मेल पाठवणाऱ्या दुकानदाराने एसपीएफ, डीकिम, उलट डीएनएस हे ओळख पटवण्याचे सोपस्कार का करावेत? तक्रार रास्त आहे. पण १९८२ साली ठरलेल्या एसएमटीपीत पाठवणाऱ्याची ओळख पटवायची सोयच नव्हती. त्या भाबडेपणाचा फायदा लॉटरीवाल्यांनी उचलला, दंड मात्र सगळ्यांनी भरायचा. फेब्रुवारी २०२४पासून जीमेल प्रत्येकाकडे एसपीएफ किंवा डीकिम मागतं. दिवसाला ५,००० मेल धाडणाऱ्यांकडे दोन्ही, वर डीमार्कही. तेव्हा प्लगइनवाल्याला शिव्या घालण्याआधी सर्व्हरवर ‘मेलक्यू’ ही आज्ञा देऊन पाहा. अडलेली पत्रं पोस्टफिक्स सहसा ५ दिवस रांगेत राखतो.