आधी पाय दाखवा

रायपूरच्या समता कॉलोनीतले आमचे भाऊ माणसाला गुडघ्याखाली ओळखतात. अग्रसेन चौकात तुम्ही समोरून हात केलात, तर ते तुमच्याकडे परक्यासारखे बघतील. पाठमोरे चालत असाल, तर मात्र भर रस्त्यात हाक येते, "अहो, डावी टाच बाहेर पडून राहिली!" त्यांच्या मोबाइलमध्ये नावंही तशीच साठवलेली आहेत. 'सपाट तळवा, चौबे कॉलोनी.' 'अंगठा, सराफा.' 'घोटा, तात्यापारा, फी बाकी.'

भाऊ धंद्यानं फिजिओथेरपिस्ट. ब्रिटन-ऑस्ट्रेलियात पायांसाठी पोडियाट्रिस्ट नावाचा वेगळा तज्ज्ञ असतो. आपल्याकडे ही जमात अजून रुळलेली नाही, त्यामुळे टाच दुखली की माणूस आधी मालिशवाल्याकडे, मग हाडांच्या डॉक्टरकडे आणि शेवटी चपलांच्या दुकानात जातो. ही उणीव एकट्यानं भरून काढायची, असं भाऊंच्या मनानं घेतलं आणि ते पायाच्या प्रशिक्षणाला लागले. लागले ते दारूला लागावं तसे. शनिवार-रविवारची कार्यशाळा दिसली की भाऊंनी 'आझाद हिंद'चं तिकीट काढलंच म्हणून समजा. नागपूर झालं, पुणं झालं. क्लिनिकच्या भिंतीवरची जागा संपल्यावर प्रमाणपत्रं खिडकीवर चढली. आता आत उजेड कमी येतो, पण कुठल्या कारणानं कमी येतो ते पेशंटला वाचता येतं.

अशा कार्यशाळेत काय चालतं, ते भाऊ न विचारता सांगतात. एका पायात हाडं 26, सांधे 33. पहिला अर्धा दिवस नुसतं चाचपायचं. सगळे मोजे काढून बसतात (आदल्या रात्री पुरुषमंडळी घाईघाईनं नखं कापतात), शेजाऱ्याचा पाय मांडीवर घेतात आणि एकेक हाड शोधून कातडीवर पेनानं त्याची हद्द आखतात. पुण्याहून भाऊ तो नकाशा तसाच मिरवत परत आले. वहिनींना वाटलं, कुणाच्या तरी लग्नात मेंदी काढून आले. मग हात कसा धरायचा: एका हातानं एक हाड पक्कं दाबून ठेवायचं, दुसऱ्या हातानं शेजारचं हाड मिलिमीटरभर सरकवून बघायचं. जोर अंगठ्याचा लावायचा नाही, अंगाचा लावायचा. नाहीतर चाळिशीत पेशंटचा पाय ठणठणीत आणि आपला अंगठा निकामी.

ॲडलेडच्या जेफ्री मेटलँड यांनी या सरकवण्याच्या पायऱ्या लावून दिल्या, आणि भाऊंच्या संसारात कुलदैवताच्या खालोखाल त्यांचा मान आहे. पहिली-दुसरी पायरी दुखऱ्या सांध्यासाठी, अगदी हळुवार, सांध्याचा अडसर लागायच्या आत थांबायचं. तिसरी-चौथी आखडलेल्या सांध्यासाठी, अडसरापर्यंत जाऊन त्याला रेटायचं. पाचवी म्हणजे क्षणार्धाचा छोटा झटका. पहिल्या चार झाल्या मोबिलायझेशन, पाचवी मॅनिप्युलेशन. झटका एकदा सुरू झाला की पेशंट "नको" म्हणू शकत नाही, एवढाच मोठा फरक. भाऊ ही मोजपट्टी घरातही वापरतात. फ्रिजचं दार लागत नसलं की वहिनींना म्हणतात, "थ्री दे, फाइव्ह नको."

पुतणीच्या लग्नात कन्यादान भाऊंच्या वाट्याला आलं. नवरदेव पाटावर बसला, वहिनींनी पाण्याची धार धरली, भाऊंनी पाय धुवायला घेतले आणि धूतच राहिले. आधी तळव्याची कमान चाचपली. मग बाहेरच्या कडेला आले आणि तिथं अडकले.

"जावईबापू, हा पाय कधी मुरगळला होता?"

"क्रिकेट खेळताना. दोन वर्षं झाली."

"क्युबॉइड. तरीच!"

गुरुजी म्हणाले, "यजमान, पाय पुसा." भाऊ म्हणाले, "एक मिनिट, शेजारच्या हाडाशी ताडून बघतो." वरमाईंनी वाकून विचारलं, मुलाच्या पायात काही दोष आहे का? "दोष काही नाही," भाऊ मान वर न करता बोलले, "जरा ताठा आहे." वरपक्षाकडे शांतता पसरली. आमच्या रायपुरी मराठीत हिंदीची सरमिसळ असली, तरी 'ताठा' सगळ्यांना बरोबर समजतो. वरमाईंची समजूत काढायला वहिनी धार सोडून पुढे झाल्या, तेवढ्या वेळात भाऊंनी दुसऱ्या पायरीची हालचाल करून घेतली. गोरजमुहूर्त होता, फोटोवाल्याचा दिवा थेट तळव्यावर, म्हणजे सगळंच जुळून आलेलं. वर नवरदेवानं पाय हलवून बघितला आणि हळूच म्हणाला, "काका, दुसरापण."

भाऊंच्या आयुष्यातली आवडती जागा म्हणजे जिथं पुष्कळ चपला निघतात ती. महाराष्ट्र मंडळात कार्यक्रम असला, की आत गाणं सुरू आणि बाहेर भाऊ एकेक जोडा उलटा करून वाचत असतात. टाचेचा बाहेरचा कोपरा थोडा झिजलेला असला तर ठीक, आतून झिजलेला असला की ते नाव शोधायला लागतात. एकदा नव्या चौकीदारानं त्यांना हातात तीन चपला धरलेलं पकडलं. तिन्ही डाव्या होत्या, म्हणून सुटले.

कॉलोनीचा मात्र भाऊंवर राग आहे, आणि तो आवाजावरून. प्रशिक्षणाला जायच्या आधी ते बरे होते, असं लोकांचं म्हणणं. लोकांना 'कट' हवा असतो. "डॉक्टरसाब, बस एक बार चटका दो," म्हणत शेठ येतात. भाऊ त्यांना स्टुलावर बसवून मोबाइलवर 2015 सालचं कॅनडातलं संशोधन दाखवतात: अल्बर्टा विद्यापीठात एमआरआय चालू ठेवून बोटांचे सांधे ओढले, तेव्हा आवाजाच्या क्षणी सांध्याच्या द्रवात पोकळी तयार होताना दिसली. हाड जागेवर बसल्याचा तो आवाज नव्हे. पाठोपाठ कॅलिफोर्नियाचे डॉक्टर डोनाल्ड अंगर येतात. त्यांनी साठ वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, उजवा हात तुलनेला ठेवला, संधिवात कुठल्याच हाताला झाला नाही आणि 2009 मध्ये त्यांना इग्नोबेल मिळालं. शेठ हे सगळं शांतपणे ऐकून घेतात आणि विचारतात, "तो चटका कब दोगे?"

पण चटक्याआधी प्रश्न असतात. रक्त पातळ करायची गोळी? हाडं ठिसूळ? कधी फ्रॅक्चर? शुगर किती? शुगरवाल्याच्या तळव्याला भाऊ नायलॉनचा एक दोरा टेकवतात. दहा ग्रॅम जोर लागला की तो वाकतो. डोळे मिटून 'लागला' म्हणता आलं नाही, तर झटक्याचं नाव निघत नाही. आणि पाय लाल, गरम, सुजलेला असून दुखत नसेल, तर ते टेबलावर चढूसुद्धा देत नाहीत, सरळ मोठ्या दवाखान्यात पाठवतात. आत हाडं मोडत चाललेली असू शकतात. इथं भाऊंची थट्टा करता येत नाही. उमेदवारीच्या काळात ते चांप्याला जाऊन आले होते, सदाशिवराव कात्र्यांनी 1962 मध्ये उभ्या केलेल्या भारतीय कुष्ठ निवारक संघात. संवेदना गेलेल्या पायात खिळा घुसला तरी माणूस संध्याकाळपर्यंत चालत राहतो, हे त्यांनी तिथं पाहिलं. "गोड़ पिरावत हे" म्हणत भाजीवाली आली, की भाऊंचा चेहरा उलट खुलतो. दुखतंय म्हणजे खबर पोचते आहे. तिच्याकडून फी घेत नाहीत, भाजीही नीट बघून घेत नाहीत.

सगळ्यात आवडतं हाड टॅलस, घोट्याच्या आतलं. त्याला एकही स्नायू चिकटलेला नाही. शेजारी ढकलतील तिकडे ते सरकतं, अंगाचा सगळा भार मात्र त्याच्या डोक्यावर. भाऊ त्याला 'मंडळाचा अध्यक्ष' म्हणतात. हे अध्यक्ष मागे सरकेनात, की माणसाला टाच टेकवून उकिडवं बसता येत नाही. म्हणून भाऊ येईल त्याला भिंतीसमोर उभा करतात: टाच न उचलता गुडघा भिंतीला लाव. त्यांच्या दिवाणखान्याच्या भिंतीवर गुडघ्याच्या उंचीला एक काळपट पट्टा उमटला आहे. दिवाळीला रंग देऊनही तो आठवड्यात परत येतो.

त्यांची खरी स्पर्धा आहे ती गल्लीतल्या आजींशी. आजी पायाळू. उसण भरली की लोक पाठ घेऊन त्यांच्याकडे जातात, आजी पाय लावतात, माणूस उठून घरी जातो. ना प्रश्न, ना दोरा, ना सही. "अभ्यास कुठे झालाय याचा?" भाऊ विचारायचे. आजींच्या कानावर ते जायचं, आणि आजी कान बदलायच्या.

मागच्या पावसाळ्यात एका पेशंटचा पाय मांडीवर घेता घेता भाऊंनाच उसण भरली. वाकले ते तसेच राहिले. पेशंट पाय काढून घेऊन पळाला. वहिनींनी भाऊंना त्यांच्याच टेबलावर पालथं घातलं आणि काही न विचारता आजींना बोलावणं धाडलं. आजी आल्या, चप्पल काढली, स्टुलावर चढल्या.

"आजी, किती जोर लावणार?"

"जोर कायचा रे बापा? पाय लावाचा."

"ग्रेड टू ठेवा. फार तर थ्री."

"गप पडून राय."

आजींनी भिंत धरली आणि उजवा पाय कमरेवर टेकवला. भाऊ क्षणभर गप्प झाले. मग उशीतून आवाज आला, "आजी, तुमचा अंगठा मुळाशी अजिबात वाकत नाही. कधीपासून?"

आजींनी पाय उचलून परत टेकवला, या खेपेला जरा मनापासून. कट्‌ असा खणखणीत आवाज झाला. भाऊ दुसऱ्या दिवशी कामावर होते, आजीही न लंगडता देवळात गेल्या. वाजलं ते कुणाचं, यावर दोन्ही घरांत अजून एकमत नाही.