पाळी एकाची, पाणी भलत्याच्या उसात

"वहिनी, कढीपत्ता हाय का?"

मावशींनी कढीपत्ता मागितला आणि हात पुढं केला नाही, की समजायचं, विषय मोठा आहे. मेंदीच्या कुंपणापलीकडे त्या, अलीकडे मी नि माझी मेथीची जुडी.

मावशी मूळच्या नगरकडच्या ख्रिस्ती, पणदऱ्यात येऊन तीस वर्षं झाली. भाचा पुण्यात सेमिनरीत आहे, पाळक व्हायचंय त्याला.

"पोराची शिष्यवृत्ती आडकली ओ," त्या म्हणाल्या. "मंडळीत दोन वर्षं पेटी फिरली. धर्मशास्त्र शिकणाऱ्या पोरांसाठी म्हणून. दशमांश येगळा, ह्ये येगळं. मी अंडी इकून पैसं टाकलं. आन् आता वरच्या कमिटीचा निरोप, फंडात शिल्लक न्हाई."

"गेले कुठं?"

"कोर्टात! जागेचा दावा चाललाय, वकिलाला द्यायला दुसरं पैसं न्हवतं. तात्पुरतं वापरलं म्हनत्यात, परत टाकू."

"म्हणजे कुणी खाल्ले नाहीत."

"खाल्लं आसतं तर शिव्या तरी देता आल्या आसत्या!"

नीरा डाव्या कालव्यावर जगणाऱ्या माणसाला 'तात्पुरतं'चा अर्थ समजावून सांगायला नको. रात्री दोनची आपली पाळी. बॅटरी घेऊन दारं धरायला जावं तर चारी कोरडी. वर कुणीतरी "अर्धाच तास" म्हणून पाणी वळवलेलं. पाणी वाया गेलं नाही, उसालाच गेलं. फक्त तो ऊस आपला नाही.

"आन् त्ये जबलपूरचं बिशप?" मावशींनी आवाज उतरवला. २०२२ च्या सप्टेंबरातली गोष्ट. मध्य प्रदेशच्या आर्थिक गुन्हे शाखेनं त्यांना आपल्या नागपूरच्या विमानतळावर पकडलं. शाळांतल्या मुलांच्या फीचे २ कोटी ७० लाख रुपये धार्मिक संस्थांकडे आणि स्वतःच्या खर्चाला वळवले, असा आरोप. घरच्या झडतीत दीड कोटीच्या वर रोकड सापडली म्हणून पेपरात आलं होतं. तिथं शाळेचा पैसा धर्माकडे, इथं धर्मशिक्षणाचा पैसा कोर्टाकडे.

माझा दीर पुण्यात ट्रस्टची ऑडिटं करतो. दिवाळीला आला की चकलीबरोबर कायदा खाऊ घालतो, त्यातलं मी मावशींना थोडं वाढलं. सार्वजनिक विश्वस्तांचा कायदा १९५० चा, तेव्हा मुंबईच्या नावाचा, आता महाराष्ट्राच्या. संस्थेचा पैसा दुसऱ्या कुठल्या 'योग्य' कामाला वळवायची सोय त्यात सरकारनं करून ठेवली होती. एका जैन देवस्थानाचा कारभारी त्याविरुद्ध भांडला आणि १९५४ साली सुप्रीम कोर्टानं तेवढा भाग रद्द केला. मूळ उद्देश पुरा करता येत असताना धार्मिक संस्थेचा पैसा दुसरीकडे वळवणं म्हणजे तिच्या स्वातंत्र्यावर घाला. आता जिथं सरकारचा हात बांधला, तिथं कमिटीचा कसा मोकळा राहील?

"पन परदेशातनं येत व्हतं की पैसं?"

तेही आटलं. २०२० च्या दुरुस्तीनंतर परकीय देणगीतला फक्त २० टक्के पैसा कारभारावर घालता येतो, आधी ५० टक्के चालायचा. शिवाय ती देणगी एका संस्थेनं दुसऱ्या संस्थेला द्यायची नाही. वरच्या संस्थेकडे पैसा यायचा आणि तिथून खाली सेमिनरीला जायचा, ती वाट बंद. मग भार येतो मावशींच्या अंड्यांवर.

मी जरा वाहवत गेले. म्हटलं, आपल्या दौंडजवळच्या केडगावच्या पंडिता रमाबाईंचंच बघा. १८८७ साली अमेरिकेत, बॉस्टनला, त्यांच्यासाठी संस्था निघाली, दहा वर्षं पैसे द्यायचं ठरलं. अट एकच. विधवांना शिकवा, धर्म शिकवू नका. १८९३ साली त्यांच्या शारदा सदनातल्या मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जातायत म्हणून पुण्यात गिल्ला झाला, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले.

"रमाबाईस्नी नावं ठिवू नगा हां!"

"नावं नाही ठेवत. भांडण पैसे खाल्ल्याचं नव्हतंच, दिले कशासाठी त्याचं होतं. पुढं मुक्ती मिशन त्यांनी उघड ख्रिस्ती म्हणूनच चालवलं, ते मला सरळ वाटतं. बरं, तुमच्या पावतीवर काय लिहिलंय?"

मावशींनी कनवटीची घडी काढली. पाचशे रुपये. 'कारण' या रकान्यात एकच शब्द, 'इतर'.

दोघी गप्प. दीर असता तर म्हणाला असता, या एका शब्दात दावाही बसतो, वकीलही बसतो.

"भाच्याच्या फीचं काय मग?"

"त्येच्या पाळकसाहेबांनी खिशातनं भरली निम्मी. निम्मी मी बगती." पावती परत कनवटीला गेली. "येत्या रविवारी पेटी फिरंल तवा मी पयलं पुस्तक बगनार, मग पैसं."

त्या निघाल्या, चार पावलं जाऊन वळल्या. मला वाटलं, कढीपत्ता आठवला.

"वहिनी, गणपतीच्या वर्गणीत गरीब पोरींच्या वह्या व्हत्या ना औंदा? त्या डीजेच्या बिलात गेल्या म्हनं. खजिनदार तुमचं मालकच हायती न्हवं?"

मी मेथी उचलली आणि आत गेले.