टायमिंग बेल्टसाहेबांस अनावृत पत्र

मा. टायमिंग बेल्टसाहेब,
मु. पो. इंजिनाची बाजू, प्लास्टिकच्या झाकणाआड.

स. न. वि. वि.

गेल्या रविवारी खंबाटकी घाटात, ऐन चढावर, आपण नोटीस न देता संप पुकारलात. जाहीर निषेध!

चेन निदान खडखडते. आपण पडलात रबराचे, आत काचतंतूंची दोरी. ना आवाज, ना धूर. इंजिन एकदम गप्प. सेल्फ मारला, तर रिकामा मिक्सर फिरावा तशी घरघर. ‘अजून एकदा मारून बघा’ म्हणणारे सज्जन घाटातही भेटतात. त्यांच्या आग्रहाखातर वाचलं असेल-नसेल तेही पणाला लावलं.

आपलं काम तरी केवढं? क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा एक व्हावा, इतकंच. ३००० आरपीएमला प्रत्येक व्हॉल्व्हची सेकंदाला २५ वेळा उघडझाप. झालं!

आमच्या इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व्ह म्हणजे गिरणगावच्या खोलीतले दोन बिऱ्हाडकरू. वळकटी एकच, रातपाळीवाला उठला की दिवसपाळीवाला पसरणार. आपण त्यांचा भोंगा. भोंगा बंद पडला, कॅमशाफ्ट जागीच थबकला, काही व्हॉल्व्ह उघडेच लोंबकळत राहिले; आणि चाकांच्या रेट्याने फिरणाऱ्या क्रँकने पिस्टन थेट त्यांच्यावर नेऊन आदळले. काही इंजिनांत दोघांना ऐसपैस जागा असते, तिथे गाडी नुसती थांबते. आमच्या नशिबी चाळ.

मिस्त्रींनी हेड खोललं. एक व्हॉल्व्ह माझ्या तळहातावर ठेवला : दांडी जराशीच वाकलेली. पिस्टनच्या माथ्यावर नखाएवढी चंद्रकोर. एवढ्याशा वाकड्या दांडीपायी हेडचं सगळं काम निघालं.

मग त्यांनी गाडीचं पुस्तक मागितलं. त्यात आपली मुदत १,००,००० किलोमीटर, मीटरवर १,३४,०००. पुस्तकातून मागच्या सर्व्हिसिंगचा अंदाजखर्चाचा कागद घरंगळला. त्यात ‘टायमिंग किट’ या ओळीवर काट मारलेली, शेजारी सही. माझीच.

म्हणजे नोटीस पोचली होती. निषेध मागे घेतो.

आपला,
सध्या एसटीने फिरणारा

ता. क. : वाचकहो, आपल्या गाडीत बेल्ट असेल तर पुस्तक आजच उघडा. किलोमीटर आणि वर्षं, यांतलं जे आधी भरेल ती मुदत. गाडी दारात उभी असली तरी रबर म्हातारं होतंच. आणि इंजिन असं गप्प झालं, तर कोणी कितीही सांगो, सेल्फ मारू नका.