मोटार आपली, चावी परक्याची

सोलापुरात प्रतिष्ठित माणूस हॉटेलात शिरला की टेबलावर आधी चावी ठेवतो, मग मोबाईल, मग कोपर. या क्रमाला अर्थ आहे. मोटार बाहेर उन्हात उभी असते, ती सगळ्यांना दिसेलच असं नाही. चावी मात्र वेटरपासून गल्ल्यावरच्या मालकापर्यंत सर्वांना दिसते. जुळे सोलापुरातल्या आमच्या एका स्नेह्यांची चावी अशीच कित्येक वर्षं शहरभर मिरवली. मोटार अस्सल जपानी. 2003 साली मुंबईच्या एका हौशी गृहस्थानं ती वापरलेली म्हणून आयात केली होती. अशी मोटार तीन वर्षांहून जुनी नको आणि मुंबई बंदरातच उतरली पाहिजे, असा सरकारी नियम. म्हणजे ती देशात आली तेव्हा तरुण होती. म्हातारी झाली ती आमच्या स्नेह्यांच्या दारात. तिसऱ्या हातानं त्यांनी ती घेतली, त्या वेळी विकणाऱ्यानं वचन दिलं, "दुसरी चावी नंतर पाठवतो." ती चावी अजून वाटेत आहे.

मग गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराची, जत्रा आली. होम मैदानावर नातवाच्या हट्टापायी स्नेही आकाशपाळण्यात बसले. पाळणा वर गेला आणि खिसा खाली झाला. सिद्धेश्वराच्या यात्रेत हरवलेली पोरं लाऊडस्पीकरवर पुकारून सापडतात. चावीचं नाव पुकारता येत नाही.

दुसऱ्या दिवशी फुटपाथवरचा चावीवाला आला. त्यानं दाराच्या कुलपात कोरी चावी घातली, हलकेच पिळली, बाहेर काढून उजेडात धरली, तिच्यावर उमटलेले बारीक ओरखडे बघितले आणि तेवढ्याच जागी कानस मारली. असं करत करत तासाभरात दार उघडलं. आतलं कुलूपही फिरलं. स्टार्टर घरघरला. इंजिन मात्र ढिम्म.

"दार उघडलं की वो साहेब," चावीवाला म्हणाला. "पण गाडी ओळखच दाखवंना झालीय."

त्या निरक्षर माणसानं एका वाक्यात सांगितलेली गोष्ट कंपनीच्या पुस्तकात अनेक पानं खाते. चावीच्या काळ्या मुठीत तांदळाच्या दाण्याएवढी चिप असते. तिला बॅटरी लागत नाही. कुलपाभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यातून रेडिओलहरी निघतात, त्यांनीच ती जागी होते आणि आपला सांकेतिक क्रमांक सांगते. इंजिनाच्या संगणकाला तो पटला तर पेट्रोल मिळतं, ठिणगी पडते. नाही पटला तर मालक असो की मालकाचे तीर्थरूप, सगळे सारखेच. मोटारचोरांना कंटाळून जर्मनीनं 1998 पासून नव्या मोटारींना ही व्यवस्था सक्तीची केली आणि मग ती जगभर पसरली.

सोलापूरकरांना या प्रकरणी तक्रार करायचा नैतिक हक्क मात्र कमीच. देशात मोटार बनवायचं वेड आपल्याच गावच्या वालचंद हिराचंदांचं. 1882 साली सोलापुरात जन्मलेल्या या गृहस्थांनी जहाज बांधलं, विमानाचा कारखाना काढला आणि 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढून अमेरिकेच्या क्रायस्लरशी सोयरीक केली. याच क्रायस्लरनं 1949 साली चावी फिरवली की इंजिन सुरू, ही सोय बाजारात आणली. तोवर चावीनं फक्त परवानगी द्यायची आणि स्टार्टरचं बटण वेगळं दाबायचं. पुढं प्रीमियरनं फियाट आणली, तिची पद्मिनी झाली. जुन्या फियाटांची कुलपं झिजली की शेजाऱ्याची चावीही लागायची, असं जाणते लोक सांगतात. सुरक्षितता शून्य, पण शेजारधर्म भरपूर.

आता शेजाऱ्याचा उपयोग फक्त साक्षीदार म्हणून. नवी चावी हवी तर मालकी सिद्ध करा. पोलिसांत गेलो तर पहिला प्रश्न, "हरवली की चोरीला गेली?" चोरीला गेली म्हणावं तर गुन्हा, तपास, पंचनामा, हरवली म्हणावं तर नुसता दाखला. स्नेह्यांनी दाखला पसंत केला. मग प्रतिज्ञापत्र. शंभराचा मुद्रांक महाराष्ट्रात ऑक्टोबर 2024 पासून इतिहासजमा झाल्यामुळे वकिलांनी पाचशेचा घ्यायला लावला. मग आरसी, विमा, आधार, पॅन आणि मोटारीचा चासी नंबर. एवढा गठ्ठा घेऊन पुण्याच्या शोरूमला गेलो. तिथल्या टाय लावलेल्या मुलानं संगणकात पाहिलं आणि अत्यंत नम्रपणे सांगितलं, "सर, ही गाडी आमच्या सिस्टिममध्ये नाही."

"अहो, बोनेटवर तुमचाच बिल्ला आहे!"

"बिल्ला आमचा आहे सर. गाडी जपानची आहे."

फारच आग्रह केल्यावर त्यानं उपाय सांगितला. इंजिनाचा संगणक, कुलपं आणि चाव्या असा पूर्ण संच परदेशातून मागवायचा, मोटार क्रेनवर चढवून सोलापूरहून पुण्याला आणायची. खर्च ऐकून स्नेह्यांनी फक्त पाणी मागितलं. त्या पैशात मोटारसायकल आली असती, तीही दोन चाव्यांसकट.

शेवटी कुणीतरी एका पोराचा नंबर दिला. पोरगा पाठीवर सॅक लावून एसटीनं आला. डॅशबोर्डखालून संगणक काढला, त्यातली आठ पायांची मेमरी चिप वाचली, लॅपटॉपवर नव्या चावीचा क्रमांक लिहिला आणि चहा गार व्हायच्या आत इंजिन सुरू केलं. दाखला, मुद्रांक, आधार यांतलं काहीच त्यानं मागितलं नाही. मोटार कुणाची, हेही विचारलं नाही. चोरानं तरी आणखी काय वेगळं केलं असतं?

कंपन्यांना हे ठाऊक नाही असं नाही. युरोपातल्या तीन संशोधकांनी अशा एका चिपचं गुपित फोडलं, तेव्हा फोक्सवॅगननं 2013 साली ब्रिटनच्या हायकोर्टातून त्यांच्या निबंधावर मनाई आणली. तो छापून यायला 2015 उजाडलं. चिप बदलण्यापेक्षा निबंध अडवणं स्वस्त पडत असावं. एकूण व्यवस्था अशी की चोराला लॅपटॉप पुरतो आणि मालकाला फाईल लागते. पत्रा, टायर, हप्ते आणि दंडाच्या पावत्या आपल्या. इंजिन सुरू करायची परवानगी तेवढी कंपनीपाशी.

मधल्या काळात वैतागून स्नेही म्हणाले होते, "गेली चोरीला तर सुटलो, विमा तरी मिळेल." त्यावर विमा एजंटानं खुलासा केला की चोरीच्या दाव्यासोबत दोन्ही मूळ चाव्या जमा कराव्या लागतात. एकच चावी असणाऱ्याला आपली मोटार चोरीला घालवायचंही स्वातंत्र्य नाही.

यातून धडा घेऊन स्नेह्यांनी पोराकडून आणखी एक चावी करून घेतली आणि बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली. तिथंही दोन चाव्या लागतात, एक आपली आणि एक बँकेची. ऐवज आपला, निम्मी परवानगी त्यांची. आपली लॉकरची चावी कुठं विसरू नये म्हणून त्यांनी ती मोटारीच्या चावीच्याच जुडग्यात अडकवली आहे.